शुगर मेपल दर ऑगस्टला कडेने करपतो? आधी बुंध्याशी वाका

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मेपलचे फोटो यायला लागतात. समोरच्या अंगणातलं मोठं झाड, पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, मधला भाग अजून हिरवा. सोबतचा प्रश्न ठरलेला: "बुरशी आहे का? काय फवारू?" खालची उत्तरंही ठरलेली. कुणी कडुनिंबाचं तेल सांगतं, कुणी खत, कुणी लॉनवाल्याला बोलवायला सांगतं. सप्टेंबरात पाऊस होतो, ऑक्टोबरात सगळीच झाडं रंगतात नि गळतात, विषय मागे पडतो. पुढच्या वर्षी तेच झाड, तसाच फोटो, फक्त शेंड्याकडच्या दोन फांद्या आणखी वाळलेल्या.

म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. कडेने करपणं हे बहुतेक वेळा बुरशीचं काम नसतं. उन्हावाऱ्यात पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळांकडून वर पोचत नाही, आणि पानाची कड पाण्याच्या वाटेच्या अगदी टोकाला असल्यामुळे आधी तीच मरते. फवारून काही होत नाही, कारण मारायला तिथे कुणीच नसतं. मुळांना पाणी का ओढता येत नाही हे शोधावं लागतं, आणि त्याची नेहमीची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

झाड नक्की शुगर मेपलच आहे ना?

इथल्या वस्त्यांमध्ये निदान चार जातींचे मेपल दिसतात, आणि घर विकणाऱ्या एजंटच्या तोंडी सगळेच "मेपल" असतात. एक पान देठासकट तोडा. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल. डच एल्म रोगाने रस्त्याकडेचे एल्म गेल्यावर गावोगावी हाच लावला गेला. त्याच्या पानांवर डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे डाग येतात. ती खरोखरच बुरशी असते, पण तिने झाडाचं फारसं बिघडत नाही. पानाची मागची बाजू चंदेरी पांढरी आणि खाचा खोल असतील तर तो सिल्व्हर मेपल. कडेला करवतीसारखे बारीक दाते आणि दोन खंडांमधली खाच टोकदार असेल तर रेड मेपल.

शुगर मेपलच्या पानाला साधारण पाच खंड, टोकं लांब निमुळती, कड गुळगुळीत, आणि दोन खंडांमधली खाच तळाशी गोलाकार. हिवाळ्यात पानं नसतानाही तो ओळखता येतो: डहाळीच्या टोकाचा डोळा तपकिरी आणि चांगलाच टोकदार असतो. कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ पासून जे पान आहे ते ठरावीक एका जातीचं नाही, पण शुगर मेपलशी बरंच जुळतं. तेव्हा झेंडा आठवलात तरी काम भागेल.

जात कळणं महत्त्वाचं अशासाठी की सिल्व्हर आणि रेड मेपल दबलेली माती किंवा साचलेलं पाणी बऱ्यापैकी सोसतात. शुगर मेपल सोसत नाही. दुष्काळ, दडपलेली माती, रस्त्यावरचं मीठ या तिन्ही बाबतीत तो अगदी हळवा आहे. अंगणात लावल्या जाणाऱ्या मोठ्या झाडांमध्ये इतकं देखणं आणि इतकं कुरकुर करणारं झाड दुसरं नसेल.

करपण्याचे प्रकार

पाण्याच्या टंचाईने करपलेलं पान ओळखायला सोपं आहे. कडेपासून सुरुवात, तिथून शिरांच्या मधल्या जागेत आत आत, पण शिरांच्या लगत हिरवेपणा टिकून. शेंड्याकडे आणि दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला जास्त, सावलीतल्या खालच्या फांद्यांवर कमी. जुलै संपता संपता दिसायला लागतं आणि त्या बाजूची सगळी पानं साधारण सारखीच दिसतात.

मे-जूनमध्येच, थंड ओल्या वसंतानंतर, खालच्या फांद्यांवर शिरांच्या कडेकडेने वेडेवाकडे तपकिरी डाग आले तर ती अँथ्रॅक्नोज नावाची बुरशी. पुढची पानं चांगली येतात, काही करू नका. पानाच्या वरच्या बाजूला लाल-हिरवे बारीक उभे कोंब उगवल्यागत दिसले तर ते कोळ्याच्या जातीतल्या एका सूक्ष्म किडीचं काम, त्यानेही झाडाचं काही जात नाही. लोक सगळ्यात जास्त यालाच घाबरतात.

पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या असं दिसलं तर मातीचा सामू (पीएच) तपासा. चुनखडीच्या मातीत मँगनीज असूनही झाडाला मिळत नाही. पानं वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर लॉनवर तणनाशक कधी टाकलं ते आठवा. आणि भर उन्हाळ्यात एखादीच फांदी अचानक माना टाकून वाळली, तर तिचा तुकडा कापून लाकूड बघा. सालीखालच्या लाकडात हिरवट पट्टे असतील तर व्हर्टिसिलियम ही मातीतली बुरशी असण्याची शक्यता मोठी. तिच्यावर औषध नाही. वाळलेली फांदी काढायची, पाणी द्यायचं आणि झाडाची हिंमत बघायची.

आणखी एक खूण लोक कौतुकाने बघतात. बाकीचं झाड हिरवंगार आणि ऑगस्टमध्येच एक फांदी लालभडक. "आमच्याकडे फॉल लवकर आला!" म्हणून फोटो टाकला जातो. तो फॉल, म्हणजे शरद ऋतू, नव्हे, त्या फांदीची उपासमार आहे, आणि पुष्कळदा तिच्या बरोबर खाली, बुंध्याच्या त्याच बाजूला काहीतरी सापडतं. त्याबद्दल पुढे.

डहाळीवरच्या नोंदी

बुंध्याकडे जाण्याआधी एक काम करा, याला पैसा लागत नाही आणि मला स्वतःला हे निदान सगळ्यात भरवशाचं वाटतं. उन्हातल्या बाजूची, हाताला येईल तितकी उंच एक डहाळी खाली ओढा. सावलीतली घेऊ नका, त्या नेहमीच आखूड वाढतात. टोकाच्या डोळ्यापासून बोट मागे फिरवत न्या. सालीवर एके ठिकाणी बारीक रेघांचं, एकमेकींना चिकटलेलं कडं लागेल. यंदाच्या वसंतात डोळा उघडला तेव्हा त्याचे खवले गळून पडले, ही त्यांची खूण. टोकापासून या पहिल्या कड्यापर्यंत यंदाची वाढ. पहिल्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत गेल्या वर्षीची. असं पाच-सहा वर्षं मागे सहज जाता येतं.

आता अंतरं बघा. मागच्या वर्षांत वीतभर, मग चार बोटं, मग दोन, आणि गेल्या दोन वर्षांत कडी जवळजवळ एकमेकींना टेकलेली असतील, तर दुखणं यंदाच्या उन्हाळ्याचं नाही. वाढ आखडायला लागली त्याच्या आधीच्या काही वर्षांत घराशी काय झालं ते आठवा. ड्राइव्हवे रुंद केला? डेक बांधला? पाण्याच्या नळासाठी चर खणला? अंगण सपाट करायला मातीचा ट्रक मागवला? मुळं तुटल्याचा किंवा गाडल्याचा परिणाम मोठ्या झाडावर दिसायला कित्येक वर्षं लागतात. तोवर कंत्राटदार विसरलेला असतो आणि कधी कधी घराचा मालकही बदललेला असतो. उलट, सगळी अंतरं चांगली आणि फक्त यंदाचंच आखूड असेल, तर कोरडा उन्हाळा एवढंच कारण असू शकतं. अशा झाडाला नीट पाणी मिळालं की ते सावरतं.

जंगलात तो कसा राहतो

शुगर मेपल मूळचा अमेरिकेच्या ईशान्येचा, ग्रेट लेक्सच्या भोवतालचा आणि कॅनडाच्या आग्नेय भागाचा. व्हर्मांट, न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनिया या चार राज्यांनी त्याला आपलं राज्यवृक्ष केलं आहे. बीच, पिवळा बर्च, बासवुड यांच्या सोबतीने तो २५ ते ३५ मीटर उंच जातो आणि सुखात राहिला तर तीनशे वर्षं ओलांडतो. त्याचं बालपण मात्र गर्द सावलीत जातं. पंखवालं बी शरद ऋतूत पडतं आणि बर्फ वितळायच्या सुमाराला, १ अंश सेल्सिअसच्या आसपास रुजतं. इतक्या थंडीत रुजणारी झाडं कमीच. मग ती टीचभर रोपं मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षं जेमतेम वाढत थांबून राहतात. एखादा म्हातारा वृक्ष कोसळून वर भगदाड पडलं, की त्यांतली एखादी झपाट्याने वर जाते. सावली सोसण्यात त्याच्या तोडीची झाडं या जंगलात बीच आणि हेमलॉक, बस.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट जमिनीवर आहे. त्याची पानं कॅल्शियमने समृद्ध, आणि बीच किंवा ओकच्या पानांपेक्षा लवकर कुजतात. त्यांचा थर पडतो, कुजतो, त्याने माती भुसभुशीत आणि कमी आम्ल राहते. या थरात सॅलमँडर राहतात. एप्रिल-मेमध्ये वर पानं फुटायच्या आत ट्रिलियम आणि ट्राउट लिली उगवून फुलून घेतात. शुगर मेपलची अन्नपाणी शोधणारी बारीक मुळं बहुतांशी या वरच्या वीत-दोन वीत मातीतच पसरलेली असतात, पर्णसंभाराच्या घेराच्याही बाहेर लांबवर.

टॉड डॉसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शुगर मेपलवरचं एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. दिवसा पानं पाणी ओढत असतात. रात्री ती ओढ थांबली की खोल मुळांनी ओल्या थरातून आणलेलं पाणी उथळ मुळांतून वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. दुष्काळात आजूबाजूच्या गवताझुडपांनी वापरलेल्या पाण्यात या झाडाने उपसलेल्या पाण्याचा वाटा, त्या त्या वनस्पतीनुसार, ३ ते ६० टक्के निघाला. म्हणजे हे झाड स्वतःच्या भोवतालचं रान शब्दशः पाजतं. यलो-बेलीड सॅपसकर नावाचा सुतार पक्षी सालीत ओळीने भोकं पाडून त्याचा रस पितो. लाल खार तर हुशार आहे: फांदीला चावा घेऊन निघून जाते, रसातलं पाणी उडून गेलं की परत येऊन साखर चाटते.

आता हे झाड आपल्या अंगणात काय बघतं? बुंध्यापर्यंत गवत. शरदात पडलेलं पान न् पान ब्लोअरने गोळा करून कागदी पिशव्यांत भरलेलं. एका बाजूला ड्राइव्हवे, दुसऱ्या बाजूला रस्ता, घर बांधताना बुलडोझरने चेपलेली चिकणमाती. जे त्याने स्वतःसाठी तयार करायचं ते दर वर्षी आपण उचलून नेतो आणि मग ऑगस्टमध्ये विचारतो, काय फवारू?

बुंधा: मातीत शिरतो कसा ते बघा

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीपाशी रुंदावतो, मोठ्या मुळांचे उंचवटे बाहेर पसरताना दिसतात. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलं असेल तर गडबड आहे. एक तर ते खोल लावलंय, किंवा नंतर त्यावर माती वा मल्च (लाकडाच्या चिप्स, साल यांचा थर) चढवलाय. एकाच बाजूने सरळ असेल तर त्या बाजूला बुंध्याला आवळणारं मूळ असण्याची शक्यता जास्त.

खुरपं घ्या आणि बुंध्यालगतची माती हलक्या हाताने काढा. वरचा मल्च आधी बाजूला करा. त्यात बारीक केसाळ मुळं दिसतील, ती मल्चच्या ढिगात ओलावा शोधत वर आलेली आहेत, त्यांच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. खाली जात राहा. बुंध्याला समांतर, त्याला वळसा घालून जाणारं मूळ लागलं की त्याच्या आणि खोडाच्या मध्ये बोट घालून बघा. बोट जात नसेल, आणि खोडाची साल तिथे आत दबलेली किंवा चपटी झालेली असेल, तर तेच चोर. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच लावली, की पंधरा-वीस वर्षांनी खोड आणि मूळ दोन्ही जाड होतात आणि एकमेकांचा गळा आवळतात. खोडाच्या त्या बाजूचा वर जाणारा पाण्याचा रस्ता बंद होतो. ऑगस्टमध्ये लाल झालेली फांदी बहुतेक वेळा त्याच बाजूची निघते.

बोटाएवढं जाड मूळ असेल तर पटाशीने दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढा. भर उन्हाळ्यात नको. पानं गळल्यावर किंवा वसंताच्या सुरुवातीला करा. मनगटाएवढं असेल, किंवा खोडात रुतून बसलं असेल, तर हात लावू नका. प्रमाणपत्र असलेला आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, बोलवा. त्याच्याकडे दाबाच्या हवेने माती उडवायचं यंत्र असतं, त्याने मुळं न तोडता सगळा बुंधा उघडा करता येतो आणि कुठलं मूळ काढलं तर झाड तगेल हे त्याला समोर दिसतं. नुसतं खालून बघून "खताचं इंजेक्शन देऊ" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

बुंध्याभोवती मल्चचा डोंगर करायची इथे फॅशनच आहे. साल सतत ओली राहते, कुजते, उंदीर तिथे घर करतात आणि आवळणाऱ्या मुळांना आमंत्रण मिळतं. मल्च हवा, पण दोन-तीन इंच जाडीचा, पसरट, आणि खोडापासून चार बोटं लांब.

माती आणि पाणी

लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन पर्णसंभाराच्या सावलीत पाच-सहा ठिकाणी जमिनीत दाबा. मुठीपर्यंत सहज गेला तर ओल आहे. दोन इंचांवर अडला तर एक तर माती कोरडी आहे किंवा चेपलेली. त्या जागी पाणी सोडून दुसऱ्या दिवशी परत दाबा. तरीही जात नसेल तर ती चेपलेलीच.

लॉनचा स्प्रिंकलर रोज पंधरा मिनिटं चालू असतो म्हणून झाडाला पाणी मिळतं असं धरू नका. तेवढं पाणी वरच्या दोन-तीन इंचांत गवतच पिऊन टाकतं. मेपलला पाणी क्वचित आणि पोटभर लागतं. पाऊस नसेल तर आठ-दहा दिवसांनी एकदा, सोकर होज (अंगभर पाणी झिरपवणारी नळी) खोडाभोवती न गुंडाळता पर्णसंभाराच्या घेराखाली फिरवून ठेवा आणि दहा-बारा इंच खोलीपर्यंत ओल जाईल इतका वेळ हळू चालू द्या. तो वेळ मातीवर अवलंबून आहे. वाळूत पटकन जातं, डेट्रॉइटच्या बाजूच्या चिकणमातीत तासन् तास लागतात. स्क्रूड्रायव्हर सांगेल. चिकणमातीत उलटा धोकाही आहे. माती चिखलासारखी ओली राहिली तर मुळं गुदमरतात आणि पान पुन्हा कडेनेच करपतं. ओल असताना पाणी देऊ नका.

चेपलेल्या मातीवर लांबचा पण खरा उपाय म्हणजे झाडाखालचं गवत काढणं. खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला एक फूट, असं खोडापासूनचं अंतर धरलं तर झाडाला जगायला अत्यावश्यक असलेल्या मुळांचा घेर मिळतो. एवढं गवत कुणी काढणार नाही हे मला माहीत आहे, घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येईल. पण सहा-आठ फुटांचं वर्तुळ केलं तरी फरक पडतो. गवत उपटत बसू नका, मुळं तुटतात. वर पुठ्ठे अंथरा, त्यावर लाकडाच्या चिप्स. आणि शरदात झाडाची पानं लॉनमोवरने बारीक करून त्याच वर्तुळात टाका. फुकटचं कॅल्शियम पिशवीत भरून रस्त्यावर का ठेवायचं?

मीठ

झाड रस्त्याच्या किंवा ड्राइव्हवेच्या बाजूलाच जास्त करपत असेल तर हिवाळ्यातलं मीठ धरा. सोडियम मातीतल्या कॅल्शियमला हुसकावतो, त्याने मातीचे कण विस्कटून ती आणखी घट्ट होते. क्लोराइड पाण्याबरोबर वर चढतं आणि पानाच्या कडेला साठतं, म्हणून लक्षण हुबेहूब दुष्काळाचंच दिसतं. रस्त्याकडच्या फांद्यांच्या टोकांना डोळे मेलेले आणि मागून डहाळ्यांचे झुबके फुटलेले दिसले तर संशय पक्का.

ड्राइव्हवेवरचा मीठमिश्रित बर्फ झाडाखाली ढकलणं आधी बंद. स्वतःच्या जागेत वाळू वापरा किंवा महाग पडलं तरी कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट. माती निचऱ्याची असेल तर वसंतात भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढता येतं. सोडियम मातीत बसलेलाच असेल तर जिप्समचा उपयोग होतो, पण माती तपासल्याशिवाय टाकू नका. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्ट्यातलं झाड बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं असतं. त्याला हात लावण्याआधी तिथल्या वृक्ष विभागाला फोन करा.

गांडुळं

हे आपल्या लोकांना पटायला जड जातं. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, आणि आपल्यातले निम्मे उत्साही लोक गॅरेजमध्ये गांडूळखताचा डबा ठेवून आहेत. पण हिमयुगातल्या बर्फाने घासून निघालेल्या या उत्तरेकडच्या जंगलात देशी गांडुळं नव्हतीच. ती युरोपियन लोकांबरोबर आली. शुगर मेपलच्या मुळांवरचा पालापाचोळ्याचा थर ती इतक्या वेगाने खातात की मुळं उघडी पडतात आणि रोपांना रुजायला जागा उरत नाही. मिशिगन टेक विद्यापीठाच्या अभ्यासकांना ग्रेट लेक्सच्या वरच्या भागातल्या जंगलांत शेंड्याकडून वाळणाऱ्या शुगर मेपलचा संबंध या गांडुळांनी संपवलेल्या थराशी दिसला. आता त्यांच्या जोडीला आशियातली उड्या मारणारी गांडुळं आली आहेत. हात लावला की सापासारखी वळवळतात, अंगावरचा पट्टा फिकट आणि गुळगुळीत असतो, आणि वरची माती रवाळ, सुटी होऊन जाते.

शंका असेल तर एक गॅलन पाण्यात एक तृतीयांश कप मोहरीची पूड कालवून थोड्या जागेवर ओता. झणक्याने गांडुळं वर येतात, झाडाला इजा होत नाही. ती सापडली तर घालवण्याचा खात्रीचा मार्ग अजून कुणाकडे नाही, पण पसरवणं टाळता येतं. सोसायटीच्या सेलमधली कुंडीची रोपं मुळं धुऊन लावा, कुठला मल्च आणता ते बघून घ्या. गांडूळखत बागेत टाकण्याआधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे अंडी मरतील. फ्रीझरमध्ये ओल्या नारळाशेजारी ठेवायचं की नाही हा घरातला प्रश्न.

हे करू नका

करपलेल्या झाडाला नायट्रोजनचं खत. पानं वाढतील, मुळं तेवढीच राहतील, पाण्याची ओढाताण आणखी वाढेल. खत आणि तणनाशक एकत्र असलेली लॉनची पोती तर झाडाखाली अजिबात नको. त्यातल्या डिकँबासारखी रसायनं मेपलची मुळं ओढून घेतात.

शेंडा छाटणं. जिवंत पानं म्हणजे त्याचं जेवण. वाळलेल्या फांद्याच काढा, आणि कापलेल्या जागी रंग फासू नका.

मार्चमध्ये मुलांना घेऊन रस काढायची हौस. शुगर मेपलच्या रसात साखर साधारण २ टक्के असते, ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. ती साखर म्हणजे झाडाची वसंतातली शिदोरी. निरोगी आणि निदान १२ इंच व्यासाचं झाड एका भोकाने बिघडत नाही. इथल्या अनिशिनाबे लोकांनी युरोपियन येण्याआधीपासून शतकानुशतकं रस काढला आणि जंगलं टिकली. पण ज्याच्या डहाळ्या आखडल्या आहेत त्याला भोक पाडू नका.

आणि माती न तपासता चुना. इथे भूगोल मोठा फरक करतो. न्यू हॅम्पशरच्या हबर्ड ब्रूक जंगलात आम्ल पावसाने दशकानुदशकं मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. १९९९ मध्ये तिथल्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं खनिज टाकलं, आणि पुढच्या वर्षांत शुगर मेपलचे शेंडे सुधारले, रोपंही जास्त तगली. ते वाचून दक्षिण मिशिगनमधल्या आधीच चुनखडीच्या मातीत चुना टाकला तर मँगनीज आणखी दुर्मिळ होईल आणि पानं पिवळी पडतील. राज्य विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनकडे, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाकडे, मातीचा नमुना पाठवा. खर्च फार येत नाही.

लगेच फोन करण्याची एकच वेळ

खोडावर किंवा जाड फांदीवर पेन्सिल सहज जाईल असं स्वच्छ गोल भोक, खाली लाकडाचा भुसा, आणि सालीत कुरतडलेले खळगे. काळा चकचकीत, पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगापेक्षा लांब मिशांचा किडा दिसला तर आणखी वाईट. आशियाई लाँगहॉर्न बीटल १९९६ मध्ये ब्रुकलिनला सापडला, २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरला, आणि तिथे त्याच्यापायी ३० हजारांहून जास्त झाडं तोडावी लागली. मेपल त्याचं आवडतं खाणं. किडा बाटलीत पकडा, फोटो काढा आणि राज्याच्या कृषी खात्याला कळवा. आणि कॅम्पिंगहून परतताना जळाऊ लाकूड गाडीत घालून आणू नका. असे किडे त्यातूनच गावोगाव जातात.

किती वाट बघायची

यंदा करपलेलं पान यंदा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का हे पुढच्या दोन-तीन वर्षांच्या डहाळ्या सांगतील: कड्यांमधलं अंतर वाढायला लागलं तर रस्ता बरोबर आहे. निम्म्याहून जास्त शेंडा वाळला असेल, किंवा बुंध्याशी मधाच्या रंगाच्या आळंब्यांचे झुबके शरदात उगवत असतील, तर मुळं सडली असण्याचा संभव आहे. झाड घरावर किंवा रस्त्यावर झुकलेलं असेल तर आर्बोरिस्टला आधी धोका तपासायला सांगा, उपचार नंतर.

काढावंच लागलं तर त्याच खड्ड्यात, रस्त्यालगत, पुन्हा शुगर मेपल लावू नका. तिथे स्वॅम्प व्हाइट ओक लावा, दबलेली माती तो बराच बरा सोसतो. शुगर मेपलच हवा असेल तर मागच्या अंगणात, मीठ पोचणार नाही आणि ट्रक जाणार नाही अशी जागा द्या. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या गड्ड्यावरची माती आधी खरवडा, बुंध्याचा रुंद भाग सापडेपर्यंत. तो बऱ्याचदा तीन-चार इंच खाली गाडलेला असतो. गोल फिरलेली मुळं कापून सरळ करा, आणि तो रुंद भाग जमिनीच्या वर दिसेल इतक्याच खोलीचा खड्डा घ्या.